कातरण न उरणारी बेतणी: कारखान्यात चालेल का?

गोठपट्टी:
कपडे कापताना साधारण १५ टक्के कापड कातरणीत जातं, असा आकडा या धंद्यात नेहमी दिला जातो. त्यातली बरीचशी मुंढ्याच्या (खांद्याजवळ बाही जोडतात तो भाग) आणि बाहीच्या गोलाईमुळे निघते. जुना कळीदार कुर्ता बघा. मधला पट्टा सरळ, बाह्या सरळ, लांबट आयत कर्णावर कापला की दोन कळ्या, बगलेत चौकोनी तुकडा. उरतो फक्त गळ्याचा तुकडा. जपानी फॅशन डिझायनर इस्सी मियाके यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'ए-पॉक' या कपड्यांच्या मालिकेत नळीसारख्या कापडातच कपडा कापायच्या रेघा विणल्या. कचरा कमी करायचा तर कुजणारं नवं कापड शोधण्याआधी बेतणी सुधारा, असं माझं ठाम मत आहे.

मास्तर_५८पन्हा:
कुर्त्याचं ठीक. शर्टाची ऑर्डर घेऊन बघा, स्मॉल ते डबल एक्सएल! आम्ही लहान साइझचे तुकडे मोठ्या साइझच्या फटींत बसवतो. तुमच्या बेतणीत सगळे तुकडे एकमेकांना खेटून. मुंढा अर्धा इंच वाढवला की शेजारचा तुकडा बिघडला, म्हणजे दर साइझला नवी बेतणी. त्यात ५८ ऐवजी ५६ इंच पन्ह्याचा तागा आला की संपलंच. आणि कातरण शून्य दाखवायला अंगात घोळ, म्हणजे सैलपणा, वाढवायचा? मग तोही कचराच, फक्त गिऱ्हाइकाच्या पैशाने घरी गेलेला.

कुजेल_का:
दोघंही शिलाई विसरताय. सुती शर्टाला दोरा पॉलिएस्टरचा, बटणं प्लास्टिकची. मातीत पुरा, कापड जाईल, दोरा राहील. अननसाच्या पानांच्या, चामड्यासारख्या 'पिनाटेक्स'चं एवढं कौतुक होतं, पण त्यातही पीएलए (पिकांपासून केलेलं प्लास्टिक) मिसळतात आणि वर रेझिनचा थर देतात. पीएलए परसातल्या खड्ड्यात नीट कुजत नाही, त्याला ६० अंशांच्या आसपास चालणारा कंपोस्ट प्रकल्प लागतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस कुजतं खरं, पण ते करताना लागणारा कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. (लेबलवर हे कोण छापणार?)

गोठपट्टी:
दोऱ्याचं पटलं. घोळाचं नाही. ते कापड आत माया म्हणून ठेवलं तर पुढे उसवून कपडा वाढवता येतो. पोरांच्या कपड्यांत आपल्याकडे हे सर्रास करत. आणि मास्तर, शून्यच हवं असा हट्ट नाही. मुंढ्यातून निघालेल्या तुकड्याचा खिसा किंवा कॉलरची आतली पट्टी डिझाइन करतानाच ठरवली तरी पुष्कळ झालं.

मास्तर_५८पन्हा:
खिसा चालेल, पण कापडाला उभा-आडवा धागा असतो, तिरका तुकडा धुतल्यावर ओढला जातो. कातरणीचं म्हणाल तर बनियनच्या कापडाची गॅरेजवाले मशीन पुसायला नेतात. अडतं ते पॉली-कॉटनचं, धागे वेगळे करणं सोपं नाही. सुती दोरा वापरायला माझी ना नाही. पण वेगात चालणाऱ्या मशीनवर तो जास्त तुटतो, आणि शिवणाऱ्या बायका पीस-रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, असतात. दर वाढवून द्यायला तुमचे ब्रँड तयार आहेत का?

कुजेल_का:
सुती दोऱ्याचा वेगळा दर ऑर्डरमध्येच लिहून घ्या. विनंती करून कोणी देत नाही.