मदत हवी आहे: पक्षाघातानंतर नवरा-बायकोतली जवळीक

नमस्कार. मिस्टरांना गेल्या वर्षी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. फिजिओथेरपीने आता काठी घेऊन चालतात, बोलणंही स्पष्ट आहे. पण रात्री मी जवळ सरकले की अंग आखडून घेतात. "परत झटका आला तर?" एवढंच म्हणतात.

बीपी आटोक्यात असेल आणि धाप न लागता दोन जिने चढता येत असतील तर सहसा हरकत नसते, असं वाचलंय. पण पायामुळे यांना जिनाच चढवत नाही, मग अंदाज कसा घ्यायचा?

मेटोप्रोलोल (बीपीची गोळी) चालू आहे. अशा गोळ्यांनी काहींची ताठरता कमी होते म्हणे. मनाने बंद करणार नाही, पण कुणाला डॉक्टरांनी बदलून दिली का? (मेडिकलमधून परस्पर व्हायग्रा आणायचा सल्ला कृपया नको. नायट्रेटच्या (छातीत दुखण्यावरच्या) औषधांबरोबर ती जिवावर बेतू शकते.)

डाव्या हाताला स्पर्श नीट कळत नाही, म्हणून मी हल्ली त्यांच्या उजव्या बाजूला झोपते. परवा त्यांनी आपणहून माझा हात धरला, फार बरं वाटलं. डाव्या अंगाला उशीचा आधार कसा द्यावा?

तपासणीला सासूबाई सोबत असतात, तिथे हा विषय काढताच येत नाही. नेमकं कोणाला विचारावं, न्यूरॉलॉजिस्टला, यूरॉलॉजिस्टला की फिजिओला?