'भिऊ नको' हे वचन तुम्हाला कुठे भेटलं?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

गेल्या पावसाळ्यात छातीत गाठ हाताला लागली. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ दिवस होते. त्या दिवसांत आईचं जुनं बायबल काढलं, तर यशया 41:10 खाली तिने मारलेली पेन्सिलीची रेघ दिसली. 'तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे.' संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं वचन. पण या खेपेला लक्षात आलं, त्या 'कारण'नंतर 'तुला काही होणार नाही' असं कुठेही लिहिलेलं नाही. यरुशलेम उद्ध्वस्त होऊन बाबेलात नेलेल्या लोकांना हा धीर दिलेला आहे, आणि तो सोबतीचा आहे. मला तेवढ्यावर झोप लागली. रोज नाही, पण लागली.

तुमचंही लिहा. प्रवचन नको. ती रात्र, ती जागा आणि हाताशी आलेलं वचन. भीती गेली नसेल तरी लिहा.

*

निवृत्त परिचारिका, मिरज

मी नुकती नोकरीला लागले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं निजलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. आमची तुकडी तिसऱ्या दिवशी पोचली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती अंगावर पडून अख्खी घरं गेली होती. त्या वासाबद्दल मी अजून कुणाशी बोललेले नाही.

रात्री तंबूत जमीन पुन्हा हलायची. सिनियर सिस्टर टॉर्चच्या उजेडात स्तोत्र 46 वाचायच्या. पृथ्वी उलथीपालथी झाली, डोंगर समुद्रात बुडाले, तरी आम्ही भिणार नाही. मी रडत म्हटलं, "सिस्टर, मी भितेय. हे मी कसं म्हणू?" त्या म्हणाल्या, "तिथं 'मी' नाही, 'आम्ही' आहे. हात दे इकडे." सकाळी ड्रेसिंगचा ट्रे उचलताना हात थरथरतच होता. पण उचलला.

*

उत्तन

आम्ही कोळी. मे 2021, तौक्ते वादळ. सगळ्या बोटी माघारी बोलावल्या होत्या, पण ह्यांची बोट अजून लागली नव्हती आणि फोन लागत नव्हता. सासूबाई रोजरी म्हणत होत्या, माझं मन काही लागेना. मार्कचा चौथा अध्याय काढला. वादळात नाव भरतेय आणि प्रभू उशीवर झोपलाय! शिष्य त्याला उठवून चक्क विचारतात, आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? मग मीही तसंच विचारलं, मोठ्याने, सासूबाईंसमोर. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "विचार, विचार." त्याने शिष्यांच्या विश्वासाबद्दल विचारलं खरं, पण आधी वारा थांबवला. बोट पहाटे किनाऱ्याला लागली. शेजारच्या एका घरात त्याच वर्षी दुसऱ्या कारणाने माणूस गेला, म्हणून 'माझी प्रार्थना ऐकली' असं मी मोठ्याने म्हणत नाही.

*

पुणे

यहोशवा 1:9. 'खंबीर हो, हिंमत धर.' पहिल्यांदा कोर्टात साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हा. घशाला कोरड पडली होती. बोलले.

*

अहिल्यानगर जिल्हा

मला पॅनिक अटॅक यायचे. चर्चच्या मंडळीतल्या काहींनी सांगितलं, गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असणं. दोन वर्षं मी त्या शब्दांखाली दबून काढली. मग 1 राजे 19 वाचलं. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया, ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. दूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो आणि म्हणतो, ऊठ, खा, तुला वाट फार लांबची आहे. रागावणं नाहीच! त्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो. गोळी घेताना आजही मला ती भाकर आठवते.

*

नाशिक

उद्या सकाळी आठला आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. वर सगळं वाचलं. मी हॉस्पिटलच्या बाकावर आहे, बायबल घरी राहिलं. कुणी एखादं वचन सांगेल का?

*

धागाकर्ती

ताई, स्तोत्र 121 मोबाईलवर उघडा. लहान आहे, आठच ओव्या. त्यात लिहिलंय, इस्राएलाचा रक्षणकर्ता डुलकीसुद्धा घेत नाही. तेव्हा आज जागरणाची पाळी त्याची. जमलं तर बाकावर थोडं लवंडा. नाही झोप आली तर इथेच लिहा. माझी दुसरी तपासणी परवा आहे, मीही जागीच आहे.