अधीक्षिकेने हात धरला, मी सुई टोचली: हा होकार धरायचा का?

माळरान:
गेल्या पावसाळ्यात रक्तक्षयाच्या पाहणीसाठी एका आश्रमशाळेत गेले होते. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त घ्यायचं, हिमोग्लोबिन लिहायचं. सातवीतली एक मुलगी रांगेतून पुढे आली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. बोलली काहीच नाही. अधीक्षिकाबाईंनी तिचं मनगट धरून हात माझ्यापुढे आणला, "मुंगी चावल्यासारखं होईल गं." कागद चोख होते. आईचा अंगठा होता, मुलीची सहीसुद्धा होती. मी सुई टोचली. आकडा आला ९.२. तो तक्त्यात गेला. तिचा नकार लिहायला रकानाच नव्हता.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलांचा लेखी होकार घ्यावा, पालकांची संमती असतेच, त्यावर हा वेगळा. पण ज्या बाईंच्या हातात जेवण, सुट्टी आणि घरी फोन आहे, त्यांच्यासमोर तेरा वर्षांची पोर 'नाही' कशी म्हणेल? माझं मत सांगते: मूल मागे सरलं की थांबायचं. आणि होकार घेताना शाळेतलं कुणी खोलीत नको.

वाफारा:
ताई, २२ वर्षं मुलं तपासतोय. सुईला हसत हात पुढे करणारं मूल मला अजून भेटायचंय. भीतीला नकार मानलं तर मुलांवर अभ्यासच होणार नाही, आणि त्याची किंमत मुलंच मोजतात. १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मोठ्यांच्या हिशेबाने नवजात बाळांना दिलं गेलं. त्यांच्या कोवळ्या यकृताला ते झेपलं नाही, बाळं राखाडी पडून दगावली. आजही कितीतरी औषधांची मोठ्यांची गोळी कुटून पुड्या बांधायला सांगावं लागतं, कारण मुलांचा डोस कुणी तपासलेलाच नाही. आपल्या गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, ४७ गावांशी तुलना केली, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले. त्या बाळांना कुणी विचारलं होतं?

माळरान:
डॉक्टर, तान्ह्या बाळासाठी आई बोलते, हे मान्यच आहे. पण सातवीतली मुलगी स्वतः बोलू शकते. शिवाय उपचार मुलाच्या भल्याचा असेल आणि दुसरीकडे मिळण्यासारखा नसेल, तर नियमही वेगळा विचार करू देतात. माझ्या पाहणीत तिचं काय भलं होतं?

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं, आता तेलंगणातलं खम्मम आठवा. २००९ मध्ये तिथे आणि वडोदऱ्यात 'पाथ' संस्थेच्या प्रकल्पात १० ते १४ वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची एचपीव्ही लस दिली. खम्ममच्या वसतिगृहांतल्या कितीतरी संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत लशीशी संबंध आढळला नाही, तरी २०१० मध्ये काम थांबलं आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. सह्या नीट घेतल्या असत्या तर ती मुलींपर्यंत लवकर पोचली असती.

खडूफळा:
मी मुख्याध्यापक आहे. दिवाळीनंतर माझ्या अर्ध्या वर्गाचे आईबाप ऊसतोडीला जातात. सही कुणाची आणू? आजीची आणली तर अभ्यासाला परवानगी देणारी तुमची नैतिकता समिती फॉर्म परत पाठवते. म्हणजे पालक गावात असलेल्या मुलांचीच पाहणी होते, आणि ज्यांची उंची-वजनं खरोखर बघायला हवीत ती पोरं राहून जातात. आम्हाला खोलीबाहेर काढा, हरकत नाही. पण मूल घाबरून रडलं तर त्याला जवळ घ्यायला ओळखीचं कुणीतरी हवंच ना?

उंबरठा:
सर, आमच्याकडे याच्या उलट अडचण आहे. घरात होणाऱ्या अत्याचारांवर काम करते. जो मारतो त्याचीच सही आणायची? अशा विषयांत समिती पालकांच्या संमतीतून सूट देऊ शकते, पण ती मागायचं धाडस फार थोडे करतात. आणि 'तू सांगशील ते गुपित राहील' हे वाक्य आम्ही फॉर्मवरून काढून टाकलंय. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचार कळला की कळवावंच लागतं. हे मुलाला बोलण्याआधी सांगायचं, रडत सगळं सांगून झाल्यावर नाही. सांगितल्यावर काही मुलं गप्प होतात. होऊ देत.

माळरान:
खडूफळा सर, तुमचं पटलं. ओळखीचं माणूस हवं, पण ते मुलाने निवडलेलं असावं, मैत्रीणसुद्धा चालेल. यंदा आम्ही पडद्याआड दोन डबे ठेवले, हो असेल तर एकात चिंचोका, नाही तर दुसऱ्यात. ४१ पैकी ६ चिंचोके नाहीच्या डब्यात पडले. वरून विचारणा झाली, सॅम्पल कमी का. मी ते ६ अहवालात लिहिले.

वाफारा:
डबे चांगले आहेत, मीही करून बघेन. पण ताई, ९.२ म्हणजे रक्तक्षयच. त्या मुलीला लोहाच्या गोळ्या मिळाल्या का?

माळरान:
यादी अधीक्षिकाबाईंकडे दिली होती. मी परत जाऊन विचारलं नाही. उद्या सकाळी फोन करते.