बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर: दुरुस्तीवर पैसे घालावेत का?

कारेलीबागकर

नमस्कार. बडोद्याहून लिहितेय. घरी बाबांचा रेकॉर्ड प्लेअर आहे. पत्र्याच्या डेकवर ‘गॅरार्ड’ असं नाव आणि खाली ‘स्विंडन, इंग्लंड’. खोका मात्र इथला, सागवानी, बाबांनी दांडिया बाजारातल्या एका सुताराकडून करवून घेतलेला. वेगाच्या खुंटीवर १६, ३३, ४५ आणि ७८ असे चार आकडे आहेत. २०१९ साली विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा तो घाईघाईनं माळ्यावर चढवला आणि तिथेच राहिला. बाबा गेले. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला.

सोबत दोन ट्रंका भरून रेकॉर्डी. मोजल्या. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, ६४ आणि ३३च्या वेगाच्या लांब एलपी १९. फैयाज खाँसाहेबांच्या सात, हिराबाई बडोदेकरांच्या अकरा, उरलेल्यांत बरीचशी नाट्यपदं. बाबा संध्याकाळी रेकॉर्ड लावून तिच्यासोबत पेटी वाजवायचे. त्यासाठी प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीनं सूर लिहून ठेवलाय, ‘काळी १’, ‘पांढरी ४’ असा.

चालू केला तर थाळी फिरते, पण दमल्यासारखी, आणि मागे ठक-ठक-ठक असा ठेका चालू असतो. गाणं बाबांनी लिहिलेल्या सुरापेक्षा एक पट्टी खाली लागतं, कधी त्याहूनही खाली. मी पेटीवर ताडून पाहिलं.

एका दुकानात नेला. त्यांनी मिळेल तिथे तेल सोडलं, ३०० रुपये घेतले, आणि घरी आल्यावर थाळी आधीपेक्षाही हळू. दुसरीकडे ‘बेन, आ तो भंगार छे’ म्हणाले आणि सुटकेससारखा नवा ब्लूटूथवाला प्लेअर पुढे केला, ६,५०० रुपयांचा. तिसऱ्यानं दुरुस्तीचे ८,००० सांगितले, पण नेमकं काय करणार ते सांगेना.

मुलगा म्हणतो, आई, हे सगळं नेटवर ऐकायला मिळतं. मिळत असेल. पण पेन्सिलीनं सूर लिहिलेली ती रेकॉर्ड मला लावायची आहे. यंत्र पैसे घालण्याच्या लायकीचं आहे की नाही, हे मी घरच्या घरी कसं ओळखू?

कोथरूडहून

ताई, मी याच वाटेनं गेलोय म्हणून स्पष्ट सांगतो. माझ्या सासऱ्यांच्या प्लेअरवर वर्षभरात ११,००० रुपये घातले. आधी मोटर, मग वायरिंग, मग पुन्हा मोटर. शेवटी कळलं की आतली कार्ट्रिजच, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारा भागच, मेलेली, क्रिस्टलची होती. त्या क्रिस्टलला दमट हवा आणि उन्हाळा सोसत नाही, वापरा की न वापरा. मी ते प्रकरण थांबवलं, बेल्टवर चालणारा नवा टर्नटेबल घेतला आणि आता समाधानी आहे. अर्थात माझ्याकडे सगळ्या एलपीच आहेत. तुमच्या ७८चं मला नीट सांगता येणार नाही.

वाडीतले काका

ताई, मी इथे बडोद्यातल्याच वाडीत चाळीस वर्षं रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि असले डेक उघडले आहेत. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून दुकान बंद आहे. पण तुमचं वाचून सकाळपासून मन त्यातच आहे.

यंत्राची किंमत आधी काढूच नका. आधी ट्रंक बघा. तुमच्याकडे ६४ रेकॉर्डी ७८च्या आहेत आणि निर्णय तिथेच होतो. कोथरूडचे भाऊ म्हणतात ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे, एलपीसाठी नवा टर्नटेबल उत्तम. पण नव्या, बऱ्या टर्नटेबलांपैकी पुष्कळांवर ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. सुटकेसवाल्यावर ७८चा आकडा असतो, पण सुई बहुधा एलपीचीच. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे अठरा. ७८ला लागतं साधारण ६५ ते ७५. बारीक सुई रुंद खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, ती तळाशी साचलेल्या धुळीतून घसरत जाते. आवाज येतो, पण खरखरीच्या आडून. याच्या उलट ७८ची सुई एलपीवर टेकवली तर एलपी कायमची जाते.

फैयाज खाँसाहेब बडोद्यातच १९५० साली गेले. एलपी अमेरिकेत निघाली १९४८ला आणि आपल्याकडे आली त्यांच्यानंतर. म्हणजे त्यांच्या हयातीत ज्या रेकॉर्डी बाजारात आल्या त्या ७८च्याच, तीन-सव्वातीन मिनिटांच्या. तुमच्या सातपैकी काहींवर हिंदुस्थान कंपनीचं लेबल असेल, बघा. त्या वाजवायला जे यंत्र लागतं ते तुमच्या घरात आहे. म्हणून मी म्हणेन, दुरुस्त करण्याजोगं आहे. मात्र पुढच्या गोष्टी पाहिल्याशिवाय कुणाला एक रुपया देऊ नका.

आता लगेच त्याची पिन बोर्डातून काढा. इतक्या जुन्या वायरीचं रबर तडकलेलं असतं, डेक पत्र्याचा आहे आणि दोन पिनांच्या वायरीला अर्थिंग नसतं. वायर बदलल्याशिवाय पुन्हा लावू नका. मग मल्टिमीटरवाल्या कुणालाही मोटरच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजायला सांगा. काही आकडा दाखवला तर कॉइल शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली आहे, आणि मग मीसुद्धा थांबा म्हणेन.

थाळी वर उचलून काढा. खाली एक रबरी चाक दिसेल, आम्ही त्याला आयडलर म्हणतो. मोटरची पुली या चाकाला फिरवते आणि चाक थाळीला आतून ढकलतं. वेगाची खुंटी चालू स्थितीत सोडून यंत्र वर्षानुवर्षं पडून राहिलं तर पुली रबरात रुतते आणि खड्डा पडतो. तुमचा ठेका त्या खड्ड्याचा आहे. आणि वेग कमी का? त्या दुकानदारानं सोडलेलं तेल रबरावर गेलं असेल, चाक घसरतंय. शिवाय थाळीच्या आणि मोटरच्या बेअरिंगमधलं वंगण इतक्या वर्षांत मेणासारखं घट्ट झालं असेल. एक पट्टी उतरणं म्हणजे वेग साधारण सहा टक्क्यांनी कमी. बाबांनी सूर लिहून ठेवले म्हणून हे इतकं नेमकं कळलं. असं माप माझ्याकडे आलेल्या एकाही गिऱ्हाइकाकडे नव्हतं.

आणखी एक. घरातलं छोटं लोहचुंबक थाळीला लावून बघा. चिकटलं तर थाळी पोलादी. मग त्यावर आजची मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवायच्या फंदात पडू नका, थाळी तिला खाली खेचते आणि सुईवर भार वाढतो. हाताच्या टोकाखाली, सुई जिथे आहे तिथे, काय लिहिलंय ते फोटो काढून सांगा.

सूर-साधना

मी गाणं शिकवते, यंत्रातलं मला कळत नाही. पण एक गोष्ट हात जोडून सांगते. साफ करताना ७८ला स्पिरिट, सॅनिटायझर, काहीही अल्कोहोलचं लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या आजीच्या दोन रेकॉर्डी मी स्वतःच्या हातानं अशा घालवल्या, कापसाला काळा रंग लागला तेव्हा कळलं आणि तोवर उशीर झाला होता. साध्या थंड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं पुसा, लेबल भिजू देऊ नका, लगेच कोरड्या करा. आणि ट्रंकेत आडव्या एकावर एक असतील तर आजच उभ्या करून ठेवा.

पाकिटांचे फोटोही काढून ठेवा. एखाद्या जाणत्या माणसानं वर्षानुवर्षं कानानं लावलेले सूर आहेत ते. शिकणाऱ्याला त्यातून खूप मिळेल.

कारेलीबागकर

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. शेजारचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे, त्याच्याकडे मल्टिमीटर होता. मोटर शाबूत आहे! चुंबक थाळीला पक्कं चिकटलं. रबरी चाकावर नखानं सहज लागेल एवढा खड्डा आहे, आणि सगळ्या कडेला तेल. हाताच्या टोकाखाली ‘सोनोटोन ९टीए’ असं बारीक अक्षरात आहे आणि बाजूला एक छोटी कळ.

साधनाताई, रेकॉर्डी उभ्या केल्या. हिराबाईंच्या एका रेकॉर्डीला काठापासून आत दोन बोटं तडा आहे, तिला हात लावला नाही.

वाडीतले काका

सोनोटोन वाचून फार बरं वाटलं. ती सिरॅमिकची कार्ट्रिज आहे, क्रिस्टलची नाही. पोलादी थाळीचा तिला त्रास नाही. ती कळ सुई फिरवण्यासाठी, एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला ७८ची. तिच्या सुया आजही नव्या मिळतात. मागवाल तेव्हा हिऱ्याची मागवा, नीलमची फार लवकर झिजते. तोवर जुन्या सुईनं खाँसाहेबांची रेकॉर्ड लावू नका.

रबरी चाकासाठी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, जा. छपाईच्या यंत्रांचे रबर रोलर भरून देणारे कारीगर असतात. जुनं रबर काढून नवं चढवायचं आणि लेथवर घासायचं. ते विचारतील, व्यास किती ठेवू? जुन्याच्या जवळपास ठेवा म्हणावं, केसभर इकडेतिकडे झालं तरी चालेल. चाक मधे आहे, ते फक्त वेग पुढे पोचवतं. वेग ठरतो पुलीच्या आणि थाळीच्या मापावर. चाक गोल हवं आणि कोरडं हवं, एवढाच आग्रह धरा. बेअरिंगमधलं जुनं वंगण आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण काढून शिवणयंत्राचं तेल दोन थेंब, दोनच. रबराला रॉकेल-पेट्रोल लावू देऊ नका.

मग वेग तपासा. कागदावर गोल काढून कडेला सारख्या अंतरावर ७७ काळ्या रेघा छापून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात ७८वर रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. ३३साठी १८० रेघा. एलईडीच्या उजेडात बहुधा काही कळणार नाही, ट्यूबच हवी.

आणि हो, सगळ्या ७८ जुन्या काळी बरोबर ७८लाच भरलेल्या नसत. रेघा स्थिर असूनही एखादीचा सूर पाकिटाशी किंचित जुळला नाही तर यंत्राला दोष देऊ नका.

कारेलीबागकर

तीन आठवड्यांनी लिहितेय. मकरपुऱ्यात चाक भरून मिळालं, ६०० रुपये. त्या भाईंनी आधी असं काम केलं नव्हतं, पण चाक हातात फिरवून बघत म्हणाले, ‘थई जशे’, होऊन जाईल. वंगण शेजारच्या मुलानं आणि मी मिळून काढलं, खरंच मेणासारखं होतं. नवी वायर तीन पिनांची घातली, अर्थिंग डेकला जोडलं. सुई बाहेरून मागवली, २,४०० पडली. एकूण ३,५००च्या आत झालं.

जुनी ट्यूब स्वयंपाकघरात होती, म्हणून प्लेअर ओट्यावर ठेवला. रेघा आधी मागे सरकत होत्या, मग पाचेक मिनिटांत थांबल्या. अगदी उभ्या. मग फैयाज खाँसाहेबांची, पाकिटावर ‘काळी १’ लिहिलेली रेकॉर्ड लावली आणि पेटीची काळी एक दाबून धरली. षड्ज त्यात मिसळून गेला. मुलगा दारात उभा होता, रेकॉर्ड संपेपर्यंत हलला नाही. मग म्हणाला, दुसरी बाजू लाव.

काका, एकच अडचण. एलपीसाठी सुई फिरवायची ती कळ फार घट्ट आहे. जोर लावू का?

वाडीतले काका

अजिबात नको. तिथेही जुनी चिकटण असेल. काडीच्या टोकानं आयसोप्रोपिलचा अगदी छोटा थेंब कळीच्या बुडाशी लावा, सुईला लागू देऊ नका, आणि तासभर थांबा. नाहीच फिरली तर रविवारी डेक घेऊन वाडीत या. भिंग आहे माझ्याकडे. येताना ती ‘काळी १’ची रेकॉर्डही घेऊन या.