कार्कस म्हणजे मराठीत काय? बोकडाचं "शव"??

भाषांतरवाली: बाजारातल्या मटणाच्या दुकानांत लावायच्या सूचनेचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. तपासणीचा शिक्का नसलेलं कार्कस विकू नये, एवढंच वाक्य. मी कोश बघून लिहिलं "शिक्का नसलेले शव विकू नये". मामा रोज म्हापशाच्या बाजारात जाणारा, तो वाचून एवढा हसला की चहा सांडला, पण दुसरा शब्द काही देईना. सुचवा, उद्या द्यायचंय.

डिचोलीकर: "धड" लिही बाय.

ढोरांचा डॉक्टर: धड नको. मुंडी गेली की धड, आणि आम्हाला मुंडी, फुप्फुसं, कलेजी सगळं त्याच जनावराचं म्हणून सोबत बघावं लागतं. कलेजीत जंत निघाले तर कलेजी बाद, बाकीचं पास होऊ शकतं. आणि शव म्हणजे तर उलटाच अर्थ झाला! आपणहून मेलेलं कुणी खाऊ नये म्हणून तर जिवंतपणी एकदा नि कापल्यावर एकदा तपासतात. खाटीक त्याला मुर्दार म्हणतात.

डिचोलीकर: मग "सोललेला बोकड".

भाषांतरवाली: आणि डुक्कर? त्याचे तर गरम पाणी घालून नुसते केस काढतात ना.

शुद्धलेखक: मुर्दार? कशाला ही अरबी-फारसी? "वधोत्तर पशुदेह तपासणी-मुद्रेविना विकू नये." सरकारी सूचना आहे, तिठ्यावरच्या गप्पा नव्हेत.

जुनी पणजी: तपासणी ठेवलीत की हो! तपास अरबीच. आमचे आजोबा खाटीकखाना म्हणायचे, खाटीक संस्कृत खट्टिकवरनं नि खाना फारसी, कुणाचं काही अडलं नाही.

शुद्धलेखक: तपास "तप"वरून आलाय असं वाचलंय.

जुनी पणजी: कुठे?

शुद्धलेखक: बघून सांगतो.

बांगडाप्रेमी: मटणाला शिक्का, नुस्त्याला मारणार कुठे, बांगड्याच्या शेपटीवर? 2018 च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात फॉर्मेलिनचा गोंधळ झाला नि परराज्यातनं येणारं नुस्तं काही दिवस बंद होतं, आठवतंय ना? फॉर्मेलिन म्हणजे मेडिकल कॉलेजात मढी टिकवायचं औषध, तेव्हा शव हा शब्द लावायचाच तर त्या नुस्त्याला लावा. आई अजून कल्ले उचलून लाल बघते मगच भाव विचारते, त्याला म्हणायचं फडफडीत.

शुद्धलेखक: नुस्ते कोकणी आहे. मराठीत मासळी.

बांगडाप्रेमी: आमच्या घरी चार पिढ्या मराठी वाचतात आणि नुस्तंच खातात.

भाषांतरवाली: मी "कापलेले जनावर" लिहिलं. मामा म्हणतो पर्यटक पळतील. कुणी आहे का?

डिचोलीकर: पण बाब, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, नुस्त्यात धरायच्या की नाही?

बांगडाप्रेमी: धरायच्या म्हणजे काय, सोमवारी खाऊन बघ घरी!