"आम्ही उचलून घेऊ की!" : व्हीलचेअरवरून पाहिलेलं कोकण

अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे. कोकणात खोली ठरवताना पायऱ्यांचं विचारलं की उत्तर येतं, "चार पोरं आहेत, उचलून घेऊ की!" म्हणतात ते अगदी मनापासून. पण रात्री दोनला बाथरूमला जायचं तर कुणाला हाक मारू? गेल्या खेपेस खुर्ची बाथरूमच्या दारातच अडकली. दोन दिवस मी पाणी जेमतेम पिऊन राहिले. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी सेवा देणारेही येतात, पण फोनवर दाराचं माप कुणी सांगत नाही. तुमचे अनुभव लिहा, जमेल तिथे मापांसकट.

पुणे, आईसोबत :
दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी थेट आत जाते. आई गाडीतूनच वाशिष्ठीची खाडी बघत पलीकडे आली. गुहागरला ओहोटी बघून गेलो. ओल्या, घट्ट वाळूवर खुर्ची छान चालते, कोरड्या वाळूत मात्र चाकं रुततात. तेवढ्या पट्ट्यात प्लायवूडच्या दोन फळ्या आलटून पालटून टाकत गेलो. सात वर्षांनी आईच्या पायाला लाट लागली.

कोल्हापूर, पोलिओ, पायाला कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या) :
मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. होडी हलते, धरायला कठडा नाही. नावाडी उचलायला आला, मी म्हटलं, नुसता खांदा द्या. परतताना त्यानेच विचारलं, "कसा धरू, ता तुमीच सांगा." असं मला याआधी कुणी विचारलं नव्हतं.

देवबाग, घरी पाहुणे ठेवतो :
चूक आमचीही झाली. ओटा दोन फूट उंच. मिस्त्री म्हणाला, आठ फुटांत रॅम्प बसवतो. बसवला. पहिलेच पाहुणे अर्ध्यावरून मागे घसरले, मुलाने खुर्ची धरली म्हणून वाचले. मग कळलं, एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते. तो फोडून चोवीस फुटांचा केला, अंगणातून वळवून. वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा ठेवली, दोन्ही बाजूंना कठडा. चिऱ्यावर पावसात शेवाळ धरतं, म्हणून वर खरबरीत कोबा. बाथरूमचा उंबरा काढला.

@देवबाग : बाथरूमचं दार किती इंच?

छत्तीस. कमोडची उंची उद्या मोजून टाकतो.