अरबी समुद्रातली वादळं खरंच जास्त घातक झालीत का?

माडवाडी: ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी श्रीवर्धनला घरीच होतो. दोन-तीन तासांत आजोबांनी लावलेली वाडी आडवी झाली, पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, तर मधोमध पिळवटून मोडलेल्या. सावरतोय तोवर पुढच्या मेमध्ये तौक्ते. लहानपणी वादळ म्हणजे आंध्र नाहीतर ओडिशा असंच वाटायचं. समुद्र तापलाय म्हणूनच हे होतंय, माझं स्पष्ट मत आहे.

आकडेमोड: वाडीचं वाचून वाईट वाटलं, पण 'घातक' पटत नाही. १९७० च्या भोला वादळात आत्ताच्या बांगलादेशात किमान ३ लाख माणसं गेली, १९९९ ला ओडिशात जवळपास १० हजार. २०१३ ला फायलिन त्याच किनाऱ्यावर आलं, तेही जबर, तरी मृत्यू पन्नासच्या आसपास. आणि उपग्रह नव्हते तेव्हा भर समुद्रात उठून तिथेच विरलेली वादळं मोजली कुणी?

माडवाडी: अहो फायलिनला लाखो लोक आधीच हलवले म्हणून वाचले, वादळ मवाळ होतं म्हणून नाही! आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या लोकांनी उपग्रह आल्यानंतरचाच काळ घेतलाय, १९८२ ते २०१९. त्यात २००१ नंतर अरबी समुद्रातली वादळं ५२ टक्के वाढलेली दिसतात.

आकडेमोड: त्याच अभ्यासात बंगालच्या उपसागरात ८ टक्के घट आहे, तेही सांगा ना. चाळीसेक वर्षांच्या नोंदी कमीच पडतात.

देवगडचा: संख्येवर किती भांडणार, वेग बघा. २०१७ चं ओखी, २९ नोव्हेंबरला नुसता कमी दाब होता आणि ३० ला चक्रीवादळ, केरळ-तमिळनाडूच्या होड्या तोवर खोल समुद्रात गेलेल्या. त्यातल्या ६८ होड्या भरकटत आमच्या सिंधुदुर्गात लागल्या, साडेनऊशे माणसं, भाषा कळत नव्हती पण घरी फोन लावायचाय एवढं खुणेनं सांगत होती. पाणी तापलेलं असलं की वादळ असं झपाट्यानं जोर धरतं, मग इशारा देऊन उपयोग काय, होडी परतायलाच दोन-तीन दिवस लागतात.

आकडेमोड: हा मुद्दा मात्र मी धरला नव्हता, मान्य. संख्येबद्दल अजूनही घाई नको म्हणेन. पण मग भांडायचं तर खोल समुद्रातल्या होडीपर्यंत इशारा पोचण्यासाठी भांडूया.

माडवाडी: भांडूच. पण माणूस वाचला तरी वाडी पळवून नेता येत नाही हो. नवीन पोफळी लावल्यात, फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, मध्ये अजून एखादं आलं तर तुमच्या मृत्यूंच्या आकड्यात आम्ही कुठेच दिसणार नाही.